हातांची शाळा : खानदेशातील लोककला आणि निर्मितीच्या प्रेरणा

नवे काही सुचत नाही, ही तक्रार चित्रकारापासून वेशभूषाकारापर्यंत आणि कवीपासून जाहिरात संस्थेतील मांडणीकारापर्यंत सर्वांचीच असते. अशा वेळी दूरदेशीची पुस्तके चाळली जातात, संगणकाच्या पडद्यावर हजारो चित्रे पाहिली जातात. घराच्या ओसरीवर पडलेली गोधडी, कुंभाराच्या आव्यातून निघालेली घागर किंवा सणाच्या दिवशी सजणारा चौरंग यांच्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. हातांनी घडवलेल्या या वस्तूंमध्ये रंग, आकार, लय आणि सामग्रीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण साठलेले असते. त्यातून किती मोठी निर्मिती उभी राहू शकते, याची उदाहरणे शोधण्यासाठी खानदेशाबाहेर जाण्याची गरज नाही.

सातपुडा, तापी आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या या प्रदेशाचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, कोकणी, गोरमाटी अशा बोली येथे शेजारी शेजारी नांदतात. जितक्या बोली, तितक्या हातांच्या रीती, असे या भूभागाबद्दल म्हणता येईल.

शेणामातीची भिंत आणि अजिंठा

जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर अजिंठ्याच्या लेणी आहेत. प्रशासकीयदृष्ट्या त्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात. पण देशविदेशातील अनेक पर्यटकांचा लेण्यांकडे जाणारा रस्ता जळगाव स्थानकापासूनच सुरू होतो. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस त्या पडल्या आणि १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत त्यांचा समावेश झाला. तेथील चित्रांचे गुणगान आपण नेहमी ऐकतो. ती चित्रे ज्या पृष्ठभागावर उभी आहेत, त्याकडेही कलाभ्यासकाने पाहिले पाहिजे. खडबडीत खडकावर मातीचा गिलावा देण्यात आला. त्या मातीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळले गेले. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरला आणि मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे रंग आले. निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द तेवढा दूरदेशीचा. बाकी बहुतेक सारे मातीचेच देणे.

खेड्यातील घराची भिंत सारवणाऱ्या बाईला ही कृती अपरिचित वाटणार नाही. मातीला तडे जाऊ नयेत म्हणून भुसा मिसळायचा, एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, शेवटी पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा, हे ती आईकडून शिकलेली असते. जगद्विख्यात कला आणि घरगुती कौशल्य यांच्यातील अंतर आपण समजतो तितके मोठे नाही.

या लेण्यांनी अनेक कलावंतांना झपाटले. कॅप्टन रॉबर्ट गिल याने १८४४ नंतरची कित्येक वर्षे तेथे राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. गिलचे दफन भुसावळला झाले. त्यानंतर १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. १९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर बंगालमधील काही तरुण चित्रकार आले. त्यांत नंदलाल बोस नावाचा २७ वर्षांचा तरुण होता. हाच तरुण पुढे खानदेशात पुन्हा आला आणि त्या वेळी त्याने खेड्यालाच आपले गुरू मानले.

फैजपूर, १९३६

काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे भरले. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते. अधिवेशनाची नगरी आणि ग्रामोद्योग प्रदर्शन सजवण्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना पाचारण केले. अट एकच : जे काही उभारायचे, ते खेड्यातल्या सामानातून आणि खेड्यातल्या कारागिरांच्या हातून.

नंदलालबाबूंनी बांबू, चटया, गवत, माती अशी हाताशी असलेली सामग्री घेतली. ऐरवी जी वस्तू गोठ्याला किंवा खळ्याला लागते, तिचीच कमान झाली, तिचाच मंडप झाला. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी सजवलेला रथ सहा बैलजोड्यांनी ओढला. पोळ्याच्या दिवशी बैलाला झूल आणि बाशिंग चढवणाऱ्या शेतकऱ्याला त्या रथाचे सौंदर्य कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी नंदलाल बोस आणि स्थापत्यकार म्हात्रे यांना या मांडणीचे श्रेय मोकळेपणाने दिले.

फैजपूरची निवड आणखी एका अर्थाने समर्पक होती. जुन्या काळी हे गाव छापील सुती कापडासाठी आणि गडद निळ्या व लाल रंगांसाठी नावाजलेले होते, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये आहे. म्हणजे रंगाऱ्यांच्याच गावात एक मोठा चित्रकार आला होता.

पुढे, १९३८ मध्ये, गुजरातेत तापीच्याच काठावर हरिपुरा येथे अधिवेशन भरले. त्यासाठी नंदलालबाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० चित्रफलक तयार केले. शिंपी, सुतार, कुंभार, ढोलकरी, जात्यावर दळणारी बाई हे त्यांचे विषय. बंगालच्या पटचित्रांची ठसठशीत रेषा आणि मातीचे रंग ही त्यांची भाषा. आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासात हरिपुऱ्याचे फलक मानाने उल्लेखिले जातात; त्याआधीचे फैजपूर मात्र खुद्द खानदेशातही अनेकांना ठाऊक नसते.

जात्यावरची कविता

हातांच्या कामातून प्रतिभा कशी फुलते, याचे मराठीतील सर्वांत तेजस्वी उदाहरण जळगावचे आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये आसोदे येथे झाला. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीने दळताना, कांडताना, शेतात राबताना ओव्या रचल्या. चिरंजीव सोपानदेव आणि एका नातलगाने त्या वेळोवेळी उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. पुढल्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली आणि मराठी रसिक थक्क झाला. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या कवितेचे विषय पाहावेत : जाते, चूल, मोट, पेरणी, उपणणी, सुगरण पाखराचे घरटे. यांतील प्रत्येक गोष्ट हाताने किंवा चोचीने घडणारी आहे. जाते फिरते त्या गतीतून ओवीची लय येते. खुंटा हाती धरल्यावर दर फेऱ्याला श्वास जसा आत-बाहेर होतो, तसे चरण पडतात. कामाचे तंत्र हेच येथे कवितेचे तंत्र झाले आहे. कल्पना सुचावी म्हणून बहिणाबाई काम सोडून बसल्या नाहीत. कामात बुडाल्या, तेव्हा कल्पना आल्या. ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्या शहरी कलावंताने यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी देशीवादाची जी मांडणी केली, तिचे मूळही अशाच मातीत आहे. २०१४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरलेल्या या लेखकाने २०१० च्या कादंबरीच्या उपशीर्षकात ‘समृद्ध अडगळ’ असा शब्द वापरला. आजोळच्या माळ्यावर पडलेली लाकडी पायली, तुटके जाते, जुन्या लुगड्यांची वाकळ यांना याहून नेमके नाव सापडणे कठीण.

गोंदूरचा सुतार, चाळीसगावचा जादूगार

धुळ्याजवळील गोंदूर या खेड्यात १९ फेब्रुवारी १९२५ रोजी एका सुताराच्या घरी राम वनजी सुतार यांचा जन्म झाला. किकरे, वाकस, पटाशी ही हत्यारे त्या घरात खेळण्यांच्या आधी दिसणारी. श्रीराम कृष्ण जोशी या कलाशिक्षकांनी मुलातील गुण हेरला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा मार्ग दाखवला. तेथे १९५३ मध्ये त्यांना मेयो पदक मिळाले. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात राहून त्यांनी अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या जतनाचे काम केले. जुन्या अनाम शिल्पकारांच्या छिन्नीच्या खुणा इतक्या जवळून पाहण्याची संधी फार थोड्यांना लाभते. पुढे गांधीसागर धरणावरील चंबळ स्मारक, गांधीजींचे अनेक देशांत पोहोचलेले अर्धपुतळे आणि २०१८ मध्ये अनावरण झालेला सरदार पटेल यांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा अशी त्यांची वाटचाल झाली. पद्मभूषण (२०१६) मिळालेल्या या शिल्पकाराचे वयाची शंभरी ओलांडल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये निधन झाले.

दुसरे नाव कैखुश्रू ऊर्फ केकी मूस यांचे. १९१२ मध्ये जन्मलेल्या या पारशी कलावंताने इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेतले आणि उर्वरित आयुष्य चाळीसगावच्या रेल्वे स्थानकालगतच्या बंगल्यात, जवळजवळ एकांतवासात काढले. रोज येणाऱ्या पंजाब मेलची ते वाट पाहत, ही आख्यायिका तेथे आजही सांगितली जाते. आख्यायिकेपेक्षा त्यांचे काम अधिक विलक्षण आहे. टेबलावर घरातील साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाशाची युक्ती साधून ते डोंगर, हिमवर्षाव, रस्ते यांचा हुबेहूब आभास निर्माण करीत आणि त्याचे छायाचित्र घेत. ‘टेबलटॉप’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात त्यांना देशविदेशांत शेकडो पारितोषिके मिळाली. चित्र, शिल्प, काष्ठकाम, कागदाच्या घड्यांची कला यांतही त्यांचा हात चालत असे. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या वास्तूतच आता कलादालन आहे.

एकाने हाताएवढ्या हत्याराने डोंगराएवढे काम केले, दुसऱ्याने डोंगर टेबलावर आणला. दोघांनीही साहित्याच्या तुटवड्याची सबब सांगितली नाही.

वर्षभराचे कलादालन

खानदेशातील लोककला पाहायची, तर दालनाचे तिकीट काढावे लागत नाही; पंचांग जवळ असावे लागते.

आखाजी : अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात. पितरांच्या स्मरणार्थ मातीची घागर भरून पुजली जाते. कुंभाराच्या चाकावरचा साधा, निर्दोष आकार पाहण्यासाठी हा सण उत्तम.

कानबाई : नागपंचमीनंतर येणाऱ्या श्रावणातील रविवारी कानबाईची स्थापना होते. नारळाला वस्त्रालंकारांनी नटवून देवीचे रूप दिले जाते आणि घरातील माणसांच्या हिशेबाने मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात. एका नारळातून मुखवटा, त्यातून व्यक्तिमत्त्व आणि त्यातून देवता कशी साकारते, हे रूपांतर कोणत्याही मांडणीकाराने अभ्यासावे.

भुलाबाई : भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडून घरोघरी गाणी म्हणतात. शेवटी झाकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ असतो. मूर्तींचे ठळक डोळे, भडक पण परस्परांशी जुळणारे रंग ही त्यांची खासियत.

रथ आणि वहने : जळगावातील श्रीराम रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला. कार्तिकी एकादशीला निघणारा कोरीव लाकडी रथ आणि त्याआधीच्या संध्याकाळी निघणारी वहने हे काष्ठशिल्पाचे चालते प्रदर्शनच असते. चाकाखाली मोगरी लावून अवजड रथाला वळवणाऱ्या आणि थांबवणाऱ्या सेवेकऱ्यांचे कसब हाही कलेचाच भाग मानला पाहिजे. पारोळ्याच्या बालाजीचा रथही असाच प्रसिद्ध आहे.

सातपुड्याचे आणि पश्चिम पट्ट्याचे सण : साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात मार्गशीर्षात कोकणी समाजाचा डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. भोपळा आणि बांबू यांपासून बनणारी पावरी तेव्हा रात्रभर वाजते. नंदुरबार जिल्ह्यात काठी आणि परिसरातील होळीला नवस फेडणारे बुध्ये मोरपिसांचे उंच टोप घालतात, अंगावर राखेची आणि पांढरी नक्षी काढतात, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू बांधतात. भोपळा येथे वाद्य आहे, अलंकार आहे आणि एरवी पाण्याचे भांडेही आहे. एकाच वस्तूची इतकी रूपे पाहणे हा कल्पनाशक्तीचा व्यायामच आहे.

धातू, कागद, टाका

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघाले की सोनगीर लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी या गावाचे नाव एका शतकाहून अधिक काळ घेतले जाते. तांबट पत्रा कापतो, तापवतो, जोड देतो आणि मग लाकडी व लोखंडी हातोड्याने मठारतो. मठारकामाने दोन गोष्टी साधतात : पत्रा कठीण होतो आणि प्रत्येक ठोक्याच्या जागी प्रकाश वेगळा परावर्तित होऊन भांडे झगमगते. उपयुक्तता आणि शोभा एकाच ठोक्यात येतात. स्टीलच्या आणि प्लास्टिकच्या आगमनाने घरातील हंडे-कळशा कमी झाल्या, तशी तांबटांची ठकठकही मंदावली.

एरंडोल हे एकेकाळी जाड्याभरड्या हातकागदासाठी प्रसिद्ध होते. गॅझेटिअरच्या काळातच तो धंदा उतरणीला लागला होता. हातकागद किती टिकाऊ असतो, हे पाहायचे असेल तर धुळ्यातील इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर येथील जुनी दफ्तरे आणि हस्तलिखिते पाहावीत. बोरूची वळणे, समासाची मोकळी जागा, लाल शाईने केलेले विराम यांतून अक्षररचनाकाराला आजही धडे मिळतात.

चाळीसगाव, जामनेर, पाचोरा या भागांतील तांड्यांवर बंजारा स्त्रियांचे भरतकाम पाहायला मिळते. फेटिया, कांचळी आणि छांटिया यांवर आरसे, कवड्या, शिवणाचे रंगीत टाके यांची गच्च नक्षी असते. टाके मोजूनमापून घातलेले असतात. कागदावर आराखडा मात्र नसतो. गोधडीचेही तसेच. फाटक्या लुगड्याचा कोणता तुकडा कोठे जाईल, हे शिवणारीच ठरवते आणि धावदोऱ्याच्या समांतर ओळी त्या विसंगत तुकड्यांना एकत्र बांधतात. जळगावच्या केळीबागांत घड कापल्यावर उरणाऱ्या खोडापासून धागा काढून दोर, चटई, कागद बनवता येतो. टाकाऊतून घडवण्याच्या गोधडीच्या परंपरेला तो साजेसा पुढचा अध्याय ठरू शकेल.

प्रेरणा आणि उचलेगिरी

लोककलेतून प्रेरणा घ्यावी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो घेण्याच्या रीतीचा. मध्य प्रदेशातील झाबुआची भिल्ल चित्रकार भुरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत असताना चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी तिला कागद-रंग दिले आणि तिच्या चित्राला तिचे नाव राहू दिले. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा गौरव २०११ मध्ये पद्मश्रीने झाला. ही बाजू उजळ आहे. दुसरीकडे वारली आकृत्या कपबशांपासून पडद्यांपर्यंत सर्वत्र छापल्या जातात आणि त्यांतील बहुतांश छपाईशी वारली माणसाचा काही संबंध नसतो. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेखच नव्हता. महाराष्ट्रातून निषेध झाल्यावर कंपनीने या चपलांचे मूळ मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक निर्देशांक मिळालेला होता. म्हणून बोलायला आधार तरी होता. खानदेशातील भुलाबाईच्या मूर्तीला, बुध्याच्या टोपाला, तांड्यावरच्या टाक्याला बाजारात असा आधार सहजी मिळणारा नाही. त्यांच्याबाबतीत घेणाऱ्याची सचोटी हेच संरक्षण.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. नंदलालबाबूंनी पटचित्राची एखादी आकृती उचलून फलकावर चिकटवली नाही. रेषेचा जोम आणि रंगांची काटकसर आत्मसात केली. बहिणाबाईंनी सुगरणीचे घरटे केवळ वर्णिले नाही. त्यातून जगण्याचा अर्थ काढला. वरवरची नक्षी उचलली की नक्कल होते. घडणीमागचा विचार समजून घेतला की प्रेरणा मिळते.

अभ्यासकांसाठी काही सूचना

१. वस्तू पाहताना आधी सामग्री विचारावी, नंतर नक्षी. माती कोठली, बांबू कोणत्या ऋतूत तोडला, रंग कशाचा, या उत्तरांतच आकाराचे कारण दडलेले असते.

२. शक्य तर एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे. दहा मिनिटे गोधडीला टाके घातले, तरी सरळ ओळीची किंमत कळते.

३. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी. देवाचे विधी आणि नवसाचे वेश ही प्रदर्शनीय वस्तू नव्हे.

४. कारागिराने सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नये. हातोड्याचे ठोके मोजले, तर किंमत बहुधा कमीच निघेल.

५. आपल्या कामात एखाद्या गावाची किंवा समाजाची शैली वापरली असेल, तर तसे नाव घालून लिहावे आणि उत्पन्न होत असेल तर त्यात करणाऱ्यांचा वाटा ठेवावा.

६. घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे. कानबाईच्या चौरंगाची मांडणी, जात्यावरच्या ओव्या, गोधडीची घडण यांचे सर्वांत मोठे दफ्तर त्यांच्या स्मरणात आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही.

लोककला जपायला हवी, असे आपण उठता-बसता म्हणतो. पण कला जपली जाते ती करणाऱ्या हातांना काम आणि मान मिळाला तरच. सोनगीरच्या तांबटाचा मुलगा महामार्गावरच्या कारखान्यात नोकरीला लागला किंवा भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीऐवजी साच्यातील मूर्ती विकत आणली गेली, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र उद्याच्या बहिणाबाईला लय देणारे जाते आणि उद्याच्या राम सुतारांच्या हाती लागणारी पटाशी कोठून येणार, हा प्रश्न शहरातल्या वाचकाचाही आहे. सोनगीरची एक कळशी किंवा तांड्यावर भरलेली एक पिशवी मागवणे, हे त्याचे छोटेसे उत्तर होऊ शकते.